पाण्याची वही

धोफारच्या वाळवंटात, डांबरी रस्ता संपतो तिथून
साठ किलोमीटर आत
आम्ही पाचजण मंगळावर राहतो.

दार प्लायवूडचं, कडी साधी,
कुणाच्याही न्हाणीघराला असावी तशी.
तरी बाहेर पडण्याआधी पाच मिनिटं
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचं,
हवेचा दाब उतरतोय असं धरून.
पहिल्या आठवड्यात हसू यायचं.
आता हाल्वॉर चार मिनिटांनी उठला
तर डोरोत्या खांदा धरून त्याला खाली बसवते
आणि खरं सांगतो,
माझ्याही छातीत धस्स होतं.

इथला दिवस एकोणचाळीस मिनिटांनी लांब.
रोज तेवढं उशिरा उठता उठता
आमची सकाळ घरंगळत कुठे गेली कळलं नाही.
एकदा तर न्याहारीला चांदणं होतं.
अंड्याची पूड, कांद्याची पूड, दुधाची पूड.
आन्सेल्मो म्हणतो, पाण्याचीही पूड निघाली
तर वेन्सेल सुटेल.
वेन्सेल म्हणजे मी. पाण्याची वही माझ्याकडे.
आंघोळ तिसऱ्या दिवशी, दीड मिनिट.
कोण किती वेळा तोंड धुतं ते मला ठाऊक,
आणि हे ठाऊक असणं
मैत्रीच्या आड येतं.

झोपण्याआधी प्रश्नावली:
आज तुम्हाला कितपत एकटं वाटलं? एक ते सात.
मी चार लिहितो.
चार लिहिलं की पुढचं कुणी विचारत नाही.

तुफूल इथलीच. म्हणजे, पृथ्वीवरच्या इथली.
नमाजाची चटई ती पश्चिमेला अंथरते,
जराशी उत्तरेकडे कललेली.
मंगळावर पश्चिमेला काय आहे
हे डोरोत्याने तिला एकदाही विचारलं नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी उंट आले.
नियमावली म्हणते, बाहेर सजीव नाही;
दिसलाच, तर दिसला नाही.
तेहतीस उंट दिसले नाहीत.
त्यांच्यामागून एक म्हातारा दिसला नाही,
मानेवर आडवी काठी, तिच्यावर दोन्ही हात टाकलेले.
तुफूल बाहेर होती, हेल्मेट घालून,
अँटेनाचा नट आवळत.
त्याने हाक मारली. नाव तिचंच,
पुढचं सगळं त्यांच्या डोंगरी बोलीत.
काचेआड आम्हाला ऐकू आलं, मग तिला आलंच असणार.
तिने पाना फिरवला.
नट केव्हाच घट्ट बसला होता.
ती फिरवत राहिली.

आत येऊन पाच मिनिटं खुर्चीवर बसली, नियमाप्रमाणे.
मग हातमोजे काढता काढता म्हणाली,
"बखीत. माझा मामा.
त्याला वाटलं मी रुसलेय."

आन्सेल्मोने नियंत्रण कक्षाला कळवलं:
दारासमोर सेंद्रिय पदार्थ, गोल, अजून कोमट.
निरोप जायला वीस मिनिटं, यायला वीस.
उत्तर आलं: नमुना घेऊ नये.
त्या रात्री आम्ही पोट धरून हसलो,
तुफूलसुद्धा, जरा उशिराने.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या सावलीत एक वाडगा.
वर फडकं, फडक्यावर दगड.
दूध असणार. फेस फडक्याला चिकटलेला दिसत होता.
दिवसभर कुणी त्याचं नाव काढलं नाही.
जेवताना पुडीचं दूध ढवळत बसलो,
गुठळ्या फोडत, नेहमीपेक्षा जास्त वेळ.
झोपताना डोरोत्या म्हणाली,
कॅमेरा दोन देखभालीसाठी बंद राहील. रात्रभर.
आणि सर्वांत आधी
तीच दिवा मालवून पडली.

सकाळी वाडगा पालथा होता, धुतलेला,
दगड त्याच्या शेजारी, फडकं घडी करून खाली.
वहीत अर्धा लिटर कमी भरलं.
मी टाकीची पट्टी पुन्हा वाचली.
मग रकान्यात लिहिलं: बाष्पीभवन.

प्रश्नावलीत त्या दिवशी दोन लिहिलं.
खोडून चार केलं,
उगाच कुणी विचारायला नको.