जर्मन सूर

आमच्या धंद्यात जर्मन सूर म्हणजे पितळेची पट्टी,
बोटाच्या पेराएवढी. पेटीत बसवली की
गिऱ्हाईक विचारतं, अस्सल ना?
तेवढाच माझा जर्मनीशी संबंध.

माझगावहून फादरचा फोन आला, मे महिन्यात:
माळ्यावरचा ऑर्गन बघून जा. तुम्ही पेटीवाले,
भाता तर तुम्हाला कळतोच.
कळतो. पण हा भाता खाटेएवढा,
आणि आत उंदरांच्या चार पिढ्या.

बॅटरी दातांत धरून शिरलो.
फळीवर खिळ्याने कोरलेलं:
लोरेन्झ हायडमान, बॉम्बे, १७६८.
पहिलं अक्षर वळणदार. शेवटचा आठ घाईत.

पुढचं, अर्धं फादरनी जुन्या वहीतून वाचून दाखवलं,
अर्धं मी लाकडात वाचलं.
गलबतातून उतरला तेव्हा त्याच्याकडे
कथलाच्या नळ्या, मेंढीचं कातडं, आणि ओकच्या फळ्या,
ज्या त्याच्या गावी शंभर वर्षं हलत नाहीत.
इथे दोन वर्षांत वाळवीने त्यांचं पीठ केलं.
कातडं झुरळांनी खाल्लं.
जुलैत सरस आपोआप सुटला, आणि भर प्रार्थनेत
एक नळी ओरडत राहिली, बोट काढलं तरी.
वहीत एवढंच: जर्मन बाहेर जाऊन बसला.

मग सागवान आला. त्याच्यामागून
गोदीतला भिकोबा चुरी, ज्याने जन्मभर
तरंगणारं लाकूड पाहिलं, गाणारं नाही.
आणि वेसू कोळीण. म्हणाली,
घोळीचा भोत उकळ रे बाबा,
त्याने चिकटलेलं मेल्यावरच सुटतं.
(हे वहीत नाही. पण सांधा नखाने खरवडून
मी हुंगला आहे.)

नळीला पाय असतो, अंग असतं, तोंड, ओठ.
हायडमानने त्याला हे कसं सांगितलं असेल?
बहुतेक आपल्या ओठांवर बोट ठेवून.
भिकोबाला वाटलं असेल, गप्प बस म्हणतोय.

कोपऱ्यातली एक नळी सागवानी.
ओठ जरा जाड. पाठीवर मोडी.
फोटो पाठवला, मेव्हण्याने वाचून कळवलं:
"साहेब ज्वराने गेला. राहिली ती मी केली.
श्रावण वद्य पंचमी."

फुंकून पाहिली. शेजारणींपेक्षा केसभर चढी.
फादर म्हणाले, घासून सारखी करा ना.
कानस हातात घेतलीही.
मग तिथीवर नजर गेली.
ओल प्यालेल्या लाकडाचा सूर लावला होता त्याने,
आणि मी मे महिन्यात, तडकायला आलेल्या लाकडाला
बेसूर म्हणत होतो.

बिल केलं: भात्याचं कातडं. साफसफाई, उंदरांसह. मजुरी.
खाली लिहिलं: नळी एक, बाकी.
नारळी पौर्णिमा झाली की येतो.