कागदाचं दार

कागजीपुऱ्याहून मुनाफचाचांनी
सायकलला बांधून आणलेला कागद
खुलताबादच्या सुतारानं सागाच्या जाळीवर
खळीनं चिकटवला.
"जपानी हाये," म्हणाला,
"आपल्या वावटळीत टिकतंय का, तुमचं तुमी बघा."

आता ओसरी आणि माजघराच्या मध्ये
उजेडच सरकतो, मागे-पुढे.

कडी नाही, वाजवायची सोय नाही.
म्हणून अण्णा
अलीकडेच खाकरतात.

आपटताही येत नाही.
परवाचं भांडण त्यामुळं
अर्ध्यावरच राहिलं:
दाराची कड धरून मी उभी,
पलीकडे त्याची सावली,
तीही उभीच.

जुईनं बोटानं भोक पाडलंय
खालच्या चौकोनाला.
तिथून चैताची धूळ येते
आणि तिचा एक डोळा.

ठिगळ लावायचंय.
कागद उरलाय तसा.
लावू.