दीड वीत

मी या गल्लीत एकोणीस वर्षं टपाल वाटते.
लेउवार्डन, कालव्याच्या मागची बाजू, घरं बत्तीस,
आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत करड्या फरश्या.
माती कुठं राहते, विचारायची सोय नाही.

एप्रिलातल्या एका मंगळवारी
हिल्त्ये दारापुढं गुडघे टेकून बसलेली,
वय अठ्ठ्याहत्तर, हातात सुपाचा चमचा.
मला वाटलं, अंगठी पडली असेल.
म्हणाली, "नाही गं, फरशी काढतेय. एकच."

समोरच्या खिडकीतून डाउवे,
जन्मभर कालव्यावरचा उघडझापीचा पूल सांभाळलेला,
त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायची सवय,
ओरडला, "समुद्र काय तुझ्या फरशीसाठी थांबलाय?"

ती मान वर न करता म्हणाली,
"समुद्राचं मला काय विचारतोस?
गेल्या महिन्यात तासाभराचा पाऊस
माझ्या तळघरात येऊन बसला.
बिचाऱ्याला दुसरीकडं जायला जागाच नव्हती.
थेंबे थेंबे तळं साचतं, ठाऊक आहे,
पण ते माझ्या बटाट्यांच्या पोत्याखाली कशाला?"

फरशी निघाली.
खाली ओली वाळू, एक गोम,
आणि पांढऱ्या मुळाचा धागा, कुठल्या झाडाचा कोण जाणे,
इतकी वर्षं अंधारात चाचपडत निघालेला.
दीड वीत लांब, दीड वीत रुंद.
मी दोन बिलं तिच्या मातकट हातात दिली
आणि पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी डाउवे पहार घेऊन हजर.
"चमच्यानं करतात होय असलं काम?"
रागारागानं त्यानं तीन काढल्या.
त्यातली एक त्याच्याच दारातली होती,
हे आपल्याला नंतर कळलं, असं तो सांगतो.

मी कुणाला फसवत नाही.
डाउवेचे बर्फावरचे बूट अजून खिळ्याला आहेत,
पाती तेल लावून पुसलेली.
कालवा आता गोठत नाही. हिवाळा येतो,
पण बूड टेकत नाही, उंबऱ्यावरूनच परत फिरतो.
चार फरश्यांनी तो माघारी यायचा नाही,
हे हिल्त्येला माहीत आहे, मलाही.
डाउवेला तर आमच्याआधीपासून.
तरी पाती पुसतो.

कोपऱ्यावर मिमूनची बेकरी.
तिथं पूर्वी हा विषय निघाला
की लोक पाव उचलायची घाई करत.
जगबुडीपुढं माणूस काय बोलणार, सुट्टे पैसे मोजणार.
आता विचारतात, तुझ्या खड्ड्यात काय लावलंस?
गोगलगायींनी काही ठेवलं का?
मिमूननं पन्हळीखाली ऑलिव्हचं रिकामं पिंप ठेवलंय,
ते किती भरलं, यावर पैजा लागतात.
आणि मग हळूच तो मोठा विषयही येतो,
पण जोडे बाहेर काढून,
घरातल्या माणसासारखा.

हवेच्या गप्पा या गल्लीत पहिल्यापासून होत्या.
आता लोक त्या वाकून मारतात, एवढंच.

परवा पुन्हा तसाच पाऊस आला.
मी रेनकोटात, थैली पोटाशी धरून,
हिल्त्येच्या दीड वितीपाशी थांबले.
पाणी यायचं, क्षणभर विचारात पडायचं,
आणि आत जायचं.
गल्लीत सतरा झाल्यात आता, मी मोजल्यात.
"तळघर?" मी विचारलं.
"ओलं आहे," ती म्हणाली. "पोतं कोरडं."

मी राहते तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या वाट्याला फरशीच नाही.
तसं बोलून दाखवलं, तर तिनं आतून
गुलखैऱ्याचं बी आणून दिलं, वापरलेल्या पाकिटात.
जुना पत्ता खोडलेला, नवा लिहिलेला नाही.

असं पाकीट नियमानं परत करायचं असतं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच नाही केलं.
थैलीत आहे.
उद्या वाटेत बघते, कुणाचं आहे ते.