कलम सात

शरणपूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर
ॲडव्होकेट निरुपमा खैरनार बसतात.
पाटीला एकच खिळा, म्हणून नाव जरा उताराला लागलेलं.

हर्षदनेच शोधल्या. म्हणाला, बाई महाग नाहीत,
पण प्रश्न फार विचारतात.
विचारू देत, आपल्याकडे लपवायला आहे काय?
अंबडला भाड्याची शेड, दोन सोल्डरिंग गन,
आणि ही डबी:
कांद्याच्या चाळीत टांगली की
सड लागल्याचं माणसाच्या नाकाआधी सांगते.

बाईंनी डबी उलटीपालटी करून टेबलावर ठेवली.
"कोणाची?"
आमची. दोघं एका सुरात.
"कागदावर?"
पंखा ऐकू यायला लागला.

मग एकेक बाहेर.
कंपनीचं नाव कोणी सुचवलं.
माझ्या बाबांनी मोडलेली एफडी,
ती उसनी की भांडवल?
सर्किट हर्षदने काढलं, ते नोकरी सोडल्यावर की आधी?
आधी, तर कुणाच्या कॉम्प्युटरवर?
हर्षदने माझ्याकडे पाहिलं नाही.
मला हे ठाऊक नव्हतं.

"आणि दोघांचं फाटलं, तर?"
आम्ही हसलो. मॅडम, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून
एका डब्यात जेवतोय.
"एका डब्यात जेवणारेच येतात माझ्याकडे.
नंतर. वेगवेगळ्या दिवशी."

तेवढ्यात टेबलावरची डबी लुकलुकली. नारिंगी.
हर्षद उठला, तिला हातात धरून खोलीभर हिंडला,
फायलींच्या कपाटामागे थांबला.
अर्धं पोतं कांदा.
निफाडच्या कुणा अशिलाने
फीच्या बदल्यात आणून टाकलेला,
वरून लालबुंद, कोरडा, खडखडीत.
"चांगला आहे की," बाई म्हणाल्या.
"आज आहे," हर्षद म्हणाला.

जमिनीवर पेपर पसरून तिघं बसलो निवडायला.
बाईंनी पदर खोचला, चष्मा कपाळावर.
फोन दोनदा वाजून बंद पडला.
मानेशी मऊ निघाले, फक्त दोन.

हात धुऊन त्या पुन्हा खुर्चीवर.
"हां. कलम सात. वेगळं होताना."
"त्या कॉम्प्युटरचंही लिहा," हर्षद म्हणाला,
"जुन्या मालकाच्या."
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
एफडी भांडवलात धरा, मी म्हणाले,
बाबांना मी सांगते.
बाईंनी मान वर न करता लिहून घेतलं,
बोटांना अजून कांद्याचा वास येत असणार.

फीमध्ये सवलत मिळाली नाही. एक रुपयाही नाही.
जिना उतरणार, एवढ्यात मागून हाक:
"एक डबी मला द्या. विकत.
बिल कराल ना?"

बिलबुक नव्हतंच आमच्याकडे.
हर्षदने माझ्याकडे पाहिलं.