झावळ्यांचा रविवार, शुक्रवारी

रुवीच्या चर्च-आवारात वरच्या मजल्यावरची खोली
दोन ते साडेतीन आपली.
आधी तमिळ, नंतर फिलिपिनो.
खुर्च्या अजून उबदार असतात.

सुवार्ता उबाळे रात्रपाळीनंतर न झोपताच आलेली,
हॉस्पिटलचा बिल्ला काढायचा राहिलाय.
ढोलकी खुंटीवरच. वाजवणारा शलमोन
करार संपून जालन्याला परतला;
आम्ही बाकावर बोटांनी ताल धरतो,
चुकतो, हसतो, पुन्हा धरतो.

माळी शफीकनं खजुराच्या झावळ्या कापून ठेवल्यात.
म्हणाला, काटे खरवडलेत, पोरं धरतील ना.
मी त्याला पाणी विचारलं
आणि जीभ चावली. रोजा होता त्याचा.

होसान्ना म्हणत जिन्यानं खाली, मग वर.
एवढीच मिरवणूक;
फाटकाबाहेर न्यायची नसते.

एक काटा राहिलाच होता.
पाळकांच्या अंगठ्यावर रक्ताचा ठिपका,
आशीर्वादाचा हात तसाच उचललेला.

आई फोनवर विचारते, तिकडं वसंत असतो का गं?
काय सांगू.
अजून पंखा पुरतो. खिडकी उघडी आहे.
गीतपुस्तकाच्या उघड्या पानावर
खजुराची पिवळी भुकटी उतरलीय,
आणि दाराशी फिलिपिनो मंडळींच्या चपला.
मी पुस्तक न झटकताच मिटते.