तासाच्या बोलीवर

किंग्ज लिनला गाडीतून सायकली उतरवल्या
तेव्हा हेमलतानं विचारलं, आज कुठवर?
मी म्हटलं, चहा लागेल तिथवर.
जावाजावा आम्ही, मिळून एकशे एकवीस वर्षांच्या.
लेस्टरला तिची तीन नातवंडं, माझे दोन गुडघे,
आणि दोघींत मिळून एक पंप.

नॉर्फक सपाट आहे असं मोटारवाले सांगतात.
सायकलला विचारा,
ती सांगेल जमीन कुठे जरा अंग चोरते,
कुठे श्वास भरून वर येते,
आणि समुद्रावरचा वारा कसा
समोरून येऊन छातीवर हात ठेवतो :
एवढी घाई कसली, बाई?

घाई कसलीच नाही.
हेच म्हणायला तर जीभ वळत नाही अजून.

इचलकरंजीत मी सायकल शिकले ती तासाच्या बोलीवर.
हसन मुजावरच्या दुकानातली सात नंबरची,
ब्रेक फक्त मागचा, तोही त्याच्या मनात आलं तर.
तासाला आठ आणे. वहीत नाव, नावापुढे वेळ.
नळीखालून पाय घालून, कंबर वाकडी करून
मी सूतगिरणीपर्यंत जायची
आणि भोंगा झाला की तशीच उलटी.
शेत दिसलं नाही, नदी दिसली नाही.
मुजावरच्या भिंतीवरचा काटा
माझ्या पाठीमागे बसलेला असायचा, डबलसीट.

एकदा साखळी पडली. पाऊण तास उशीर.
हात काळे, फ्रॉक काळा, फ्रॉकला खिसाच नाही.
त्यानं साखळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
वहीत लिहिलं : बाकी आठ आणे.
मग मॅट्रिक, मग लग्न, मग विमान.
दुकान कधी उठलं
ते मला कळवावं असं कुणाला वाटलं नाही.

इथे सातूची कापणी झालीय.
पेंढ्याचे गोल गठ्ठे रानभर,
अळूवडीच्या उंड्यांसारखे, कापायचे राहून गेलेले.
हेमलता कुंपणापाशी थांबते,
एक ब्लॅकबेरी तोडते, चाखते, नाक मुरडते,
पुन्हा तोडते.
मैलभर रस्ता आम्हाला पाऊण तास पुरतो.
ट्रॅक्टरवाला बाजूला घेतो, दोन बोटं उचलतो.
आम्ही दहाच्या दहा उचलतो,
आणि मग गवतात.

गारगोट्यांचं चर्च, मनोरा गोल,
घड्याळाला एकच काटा, तासाचा.
मिनिटांच्या भानगडीत हे गाव पडलंच नाही.
पलीकडच्या फाटकाशी टेबल, टेबलावर प्लम,
पिशवी दीड पौंड, पैसे डब्यात टाकावेत.
माणूस नाही. कुत्रंसुद्धा नाही.
"खिडकीतून बघत असतील ना?" हेमलता कुजबुजते.
खिडकीत एक जिरेनियम, तेही पाठमोरं.

माझ्याकडे दोन पौंडांचं नाणं.
डब्यात केवढ्यांदा वाजलं.
"पन्नास पेन्स गेले की गं," ती म्हणाली.
गेले खरे.
तिथले आठ आणे आणि इथले एक नव्हेत,
हे बँकेत तेवीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको.
मुजावरची वही कुठल्या रद्दीत गेली असेल,
आणि ह्या प्लमवाल्यांना काय त्याचं.
तरी मी फाटकापाशी जरा उभी राहिले,
कुणी वर न बघता 'बरं' म्हणेल म्हणून.

मग बाकावर बसून सात सात प्लम.
बिया हेमलतानं रुमालात बांधल्या,
परसात लावीन म्हणाली. दरवर्षी म्हणते.

निघताना साखळी पडली. माझीच.
उकिडवी बसले, गुडघे बोलायचं ते बोलले.
दातावर कडी, कडीवर दात,
बोटं पुन्हा तशीच काळी.
हेमलता म्हणाली, पूस ना इथेच गवताला.
म्हटलं, राहू दे. चहापर्यंत.