तिसऱ्याचा रकाना

मंगळवारी दुपारी ग्रिम्सबीच्या वाचनालयात
मी लोकांचे अर्ज भरून देते, फुकट.
रेडिएटरला चिकटलेलं टेबल, दोरीनं बांधलेलं पेन,
खिडकीबाहेर एक सीगल
कुणाच्या तरी चिप्सवर हक्क सांगतोय.

सकाळी रेडिओवर हाच वाद होता.
दोन मुलांपर्यंतच पैसे, हा नियम ठेवावा की काढावा.
लाऊथहून कुणी एक बोलला :
"आम्ही दोनवर थांबलो, परवडत नव्हतं म्हणून.
आम्हाला कोणी विचारलं?"
त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता,
म्हणून चहा ढवळता ढवळता माझा हात थांबला.
मग क्लीथॉर्प्सची एक बाई म्हणाली,
पोरानं काही जन्माला यायचा अर्ज केला नव्हता.
मग हवामान. पूर्वेकडून वारा.

"बरोबर बोलला तो," श्रीरंग म्हणाला
टोस्टला लिंबाचं लोणचं लावत,
"आपण एकावर थांबलो की नाही?"

थांबलो.
व्हिसावर लिहिलेलंच होतं : सरकारी मदतीवर हक्क नाही.
दुसऱ्याचं नाव ठरवलं होतं मी.
ते श्रीरंगलाही माहीत नाही.

कर्स्टी ब्लँचर्ड आली तीन वाजता,
ओला कोट, एक जुनी बाबागाडी,
गाडीत मूल नाही, फूड बँकेच्या पिशव्या.
मूल तिच्या मागून चालत होतं,
चार वर्षांचं, नाकाखाली चकाकणारी रेघ.

मी कच्च्या कागदावर हिशेब मांडला.
रीगन : इतके पौंड. एल्सी : इतके.
ओटिसचंही नाव द्यावं लागतं, जन्मतारीखही.
सरकारला तो माहीत असावा लागतो.
फक्त मोजायचा नसतो.

मग अपवाद विचारले.
जुळं आहे का? दत्तक?
आणि एक प्रश्न, जो मी वाचनालयात मोठ्यानं वाचत नाही,
नुसतं त्यावर बोट ठेवते.
तिनं वाचला. मान हलवली.
"नाही हो. लीचाच आहे. आम्हाला हवा होता."
हवा होता, याला रकाना नाही.

तो झाला तेव्हा ली मासळीच्या कारखान्यात होता,
रात्रपाळी, भत्ता, सगळं धरून परवडत होता.
मग पाळ्या गेल्या, मग ली गेला.
"पावती जपून ठेवायला हवी होती," ती म्हणाली
आणि हसली, आणि मीही हसले,
आणि मग आम्ही दोघी ओटिसकडे बघेनाशा झालो.

खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता, थोडा.
माझ्या पगारातून कापला जाणारा कर,
माझं ते न झालेलं नाव,
लाऊथचा तो दमलेला माणूस,
सगळे माझ्या बाजूला येऊन बसले होते टेबलाशी.

आणि मी तर घरातली तिसरी.
माझ्या बारशाला आत्या म्हणाली होती,
तीन तिघाडा, काम बिघाडा.
सगळे हसले म्हणे. आईसुद्धा.
तालुक्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर
हाताएवढा लाल त्रिकोण रंगवलेला,
त्याच्याखालून आईनं मला घरी नेलं
पदराआड, जसं काही चोरून आणलेलं.
पुढे ताटात काही कमी पडलं नाही.
कुणाच्या ताटातलं कमी झालं,
ते मी कधी विचारलं नाही.

ओटिस, असं मी लिहिलं,
आणि त्याच्यासमोर शून्य.

टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून तो कागद बघत होता.
शाळेत नुकतंच सुरू झालंय त्यांचं, स्वतःचं पहिलं अक्षर.
इंग्रजीत त्याचं अक्षर गोल.
त्यानं शून्यावर बोट ठेवलं.
"हे माझं," तो म्हणाला.

कर्स्टी खिडकीतून बाहेर बघत राहिली.
मी पेन त्याच्या हातात दिलं.
दोरी आखूड होती, पोचेना,
म्हणून कागदच त्याच्याकडे सरकवला.